भिंतीवरची काजळी

दिवाळी अंकात काजळीवर लिहू नये, असा काही नियम नाही. तरी लिहिताना थोडा संकोच वाटतो. एरवी दर आठवड्याला या पानावर मी शब्दांविषयी, पुस्तकांविषयी, क्वचित शेजाऱ्यापाजाऱ्यांविषयी लिहीत असते. वार्षिक अंकात जागा जास्त मिळते आणि वाचकांची अपेक्षा अशी की, बाईंनी यंदा काहीतरी प्रसन्न लिहावे. पण यंदा माझ्याजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि तिचा रंग काळा आहे. ती दिव्यापाशीच सुरू होते, एवढीच काय ती सबब.

श्रावणात बिबवेवाडीतल्या आमच्या घराला आग लागली. 'घराला' म्हटले की फार मोठे वाटते. जळाला तो दिवाणखान्याचा एक कोपरा. खिडकीचा पडदा, लाकडी देव्हारा, माझ्या टेबलाची एक बाजू आणि पुस्तकांच्या मांडणीचे खालचे दोन कप्पे. दुपारची वेळ होती. मी महाविद्यालयात, हे कचेरीत आणि सासूबाई आतल्या खोलीत जरा आडव्या झालेल्या. शेजारच्या मुलाने खिडकीतून धूर पाहिला. त्याने आधी सासूबाईंना बाहेर आणले, मग आमच्या मीटरचा खटका बंद केला आणि १०१ ला फोन लावला. बंब आला, जवानांनी थोड्याच वेळात सगळे विझवले. मी रिक्षातून उतरले तेव्हा जिन्यावरून काळे पाणी वाहत होते आणि सासूबाई शेजारणीच्या खुर्चीवर ओंजळ मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

जमलेल्यांपैकी कोणीतरी विचारले, "देवाजवळ दिवा होता का हो, आजी?"

"होता," सासूबाई म्हणाल्या. "सोमवार ना आज."

झाले! आगीचे कारण तिथेच, जिन्यावरच ठरले. कोणी दोष दिला नाही. उलट सगळ्यांनी समजूत घातली. "वयच झालंय", "पडदा उडाला असेल", "तुम्ही सुखरूप आहात ना, मग झालं!" समजूत घालण्याइतका पक्का आरोप दुसरा नसतो, हे मला तेव्हा सुचले नाही.

पुण्याला आगी नव्या नाहीत. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला आणि दिवसचे दिवस धुमसत राहिला. १८७९ च्या मे महिन्यात एका रात्रीत बुधवारवाडा नाहीसा झाला आणि विश्रामबागवाड्याला झळ लागली. अगदी अलीकडे, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेले कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह पेटले, तेव्हा उभ्या महाराष्ट्राच्या डोळ्यांत पाणी आले. आमच्या गच्चीवरूनही २०२३ च्या जूनमध्ये गंगाधाम चौकाजवळच्या गोदामांच्या आगीचा धूर आम्ही पाहिला होता. लांबून आग पाहणे आणि आपल्या घरातली काजळी पुसणे यांत मात्र फार अंतर आहे. आगीचा इतिहास लिहिला जातो. ती विझल्यावर हातात फडके घेऊन कोण उभे राहिले, हे कोणी लिहून ठेवत नाही.

आग एका कोपऱ्यात बसून होती, पण धूर आगाऊ पाहुण्यासारखा सगळे घर हिंडून आला. बंद कपाटातल्या पैठणीच्या घडीत तो होता, फडताळातल्या बरणीच्या झाकणाखाली होता, न्हाणीघरातल्या आरशावर होता. छताच्या कोपऱ्यांतून काळी जळमटे लोंबत होती. ती पाहून मला आधी लाजच वाटली. इतके दिवस केरसुणी वर नेलीच नाही की काय! पुढे कळले की ही कोळ्याची कामगिरी नव्हे. काजळीचे कण हवेत तरंगताना एकमेकांना चिकटतात आणि जिथे हवा फारशी हलत नाही तिथे त्यांच्या अशा माळा होतात.

आता चूक सांगते, म्हणजे कोणाच्या उपयोगी पडेल. दुसऱ्या दिवशी मी आणि दोघी शेजारणी पदर खोचून उभ्या राहिलो. बादलीत साबणाचे पाणी, हातात ओली फडकी. भिंतीवर पहिला हात फिरवला आणि काळ्या भिंतीची करडी भिंत झाली. दुसरा हात फिरवला तसा तो करडा रंग आत मुरला. रंगारी आला, त्याने पाहिले आणि कपाळाला हात लावला. "ताई, जिथं पाणी लावलंत तिथं आता तिप्पट काम. आधी कोरडं काढायचं असतं."

कारण साधे आहे. काजळी म्हणजे नुसता कोळशाचा भुगा नव्हे. अर्धवट जळलेल्या लाकडाचे, कापडाचे, प्लास्टिकचे ते अतिसूक्ष्म कण, आणि प्रत्येकावर तेलकट, चिकट लेप. पाणी लावून घासले की तो लेप पसरतो आणि कण गिलाव्याच्या छिद्रांत जाऊन बसतात. म्हणून क्रम असा: नाकातोंडावर मास्क, हातात मोजे, खिडक्या उघड्या. आधी मऊ ब्रशाने किंवा व्हॅक्यूमच्या नळीने, भिंतीला न घासता, वरून खाली काजळी उतरवायची. मग कोरड्या रबरी स्पंजाने टिपायची. एका जागी एकदाच टेकवायचा, ओढायचा आणि काळा झालेला भाग कापून टाकायचा. पाणी आणि धुण्याचा सोडा त्यानंतर. उघडे राहिलेले अन्न आणि औषधे बिनदिक्कत टाकून द्यायची.

तो रबरी स्पंज लगेच मिळेना. तेव्हा चार दिवस तोंडातून शब्द न काढलेल्या सासूबाई आतून म्हणाल्या, "कणीक घे. घट्ट भिजव. आमच्याकडे तसबिरींच्या चौकटी तशाच टिपायचे."

मी घट्ट कणकेचा गोळा भिंतीवर दाबून उचलला. खाली पांढरी टिकली उमटली. पुढे या कणकेचा शोध घेताना एक गंमत सापडली. अमेरिकेत घरे कोळशाच्या शेगड्यांनी ऊबदार ठेवीत, त्या काळी भिंतीवरच्या कागदाची काजळी टिपायला अशीच एक पिठाची लगदी विकत मिळे. सिनसिनाटी गावातली कुटोल नावाची कंपनी ती करी. कोळसा गेला, गॅस आला, लगदी खपेना. तेवढ्यात कोणाच्यातरी लक्षात आले की मुले तिची चित्रे करून खेळतात. १९५६ मध्ये तीच लगदी 'प्ले-डो' म्हणून बाजारात आली. आज आपली नातवंडे ज्या मऊ गोळ्याचे हत्ती करतात, तो मुळात काजळी टिपणारा गोळा! हे सासूबाईंना सांगितले. एरवी त्या हसल्या असत्या. "असेल," एवढेच म्हणाल्या.

भांड्यांची तऱ्हा वेगळी. देव्हाऱ्यातली पितळी कृष्णमूर्ती हिरवट काळी पडली होती. विजेच्या तारांवरचे प्लास्टिक जळले की त्या धुरात आम्ल असते. ते धातूवर बसले की त्याला खात सुटते. म्हणून पितळ, तांबे, कुलपे, बिजागऱ्या आधी साध्या पाण्याने धुऊन कोरड्या करायच्या, चिंच आणि पीतांबरी नंतर. हे वाचून मी मूर्ती धुतली, पण त्या वाक्याचा अर्थ मात्र डोक्यात शिरला नाही. तारांवरचे प्लास्टिक जळले की! जन्मभर मुलांना 'ओळींमधले वाचा' म्हणून सांगणाऱ्या बाईंना ओळीतलेच वाचता आले नाही.

पुस्तकांपाशी माझे हात थरथरले, हे कबूल करते. खालच्या दोन कप्प्यांचा कोळसा झाला होता. वरची पुस्तके कडांनी काळी आणि बंबाच्या पाण्याने ओली. पुस्तक उघडून झटकायचे नाही, काजळी आत जाते. ते घट्ट मिटून धरायचे आणि कडांवरून मऊ ब्रश फिरवायचा. ओले असेल तर उभे करून पाने पंख्यासारखी थोडी उघडायची आणि मध्ये टीपकागद घालायचे. १९८८ च्या फेब्रुवारीत लेनिनग्राडच्या अकादमीचे ग्रंथालय जळाले, तेव्हा शहरातल्या लोकांनी हजारो ओली पुस्तके घरी नेली, वाळवली आणि परत आणून दिली. आमच्या मजल्यावरच्या चार घरांत चार दिवस मराठी समीक्षा दोऱ्यांवर वाळत होती. तिचे इतके वाचक तिला एरवी कधी मिळाले नसते!

एका संध्याकाळी मी वडिलांची जुनी ज्ञानेश्वरी टिपत बसले होते आणि मनात आले, हे काळे पुसते आहे ते कशावरून? काळ्यावरूनच. जुन्या पोथ्यांची शाई म्हणजे तरी काय? दिव्याची काजळी, बाभळीचा डिंक आणि दिवसदिवस घोटणे. संस्कृतात काजळालाही मषी म्हणतात आणि शाईलाही मषीच. शतके लोटली तरी ती अक्षरे पुसट होत नाहीत, कारण कोळशाच्या कणाला ऊन काही करू शकत नाही. बाळाच्या डोळ्यात घालतो ते काजळ, लक्ष्मीपूजनाला वहीवर उमटते ती शाई, आणि माझ्या भिंतीवर बसली ती काजळी, तिघी सख्ख्या बहिणी. आमच्या बिबवेवाडीच्या नावातच बिबवा दिसतो. गावाचे नाव त्याच्यावरून पडले की बिबवे आडनावावरून, या वादात मी पडत नाही. पण बिबव्याचा रस आणि चुना लावून परीट कपड्यावर खूण करीत, ती काही केल्या निघत नसे. काही काळे पुसायचे असते, काही वाचायचे असते. गोंधळ होतो तो कोणते कोणते हे न कळल्याने.

त्या दिवसांत सासूबाईंनी दिवा लावणे सोडले. मुद्दाम सांगून नाही, नुसते सोडले. देव एका परातीत मांडले होते. त्यांना त्या फूल वाहात, पण सांजवेळ झाली की उठून आत जात. वर्षानुवर्षे दुपारी त्या वाती वळीत आल्या. ती कापसाची पिशवी त्यांनी शेजारणीला देऊन टाकली. गॅसजवळही जाईनात. "तूच पेटव," म्हणत. ऐंशीच्या घरातल्या, पण तोवर कोणाच्या हाताखाली न गेलेल्या या बाई आता पाणी प्यायलासुद्धा विचारून उठू लागल्या. हे एकदा म्हणाले, "आईला आता एकटं ठेवायला नको." मी मान हलवली. सांगायला वाईट वाटते, पण मला थोडे हायसेही वाटले होते. निर्णय घेण्याचे कारण आयतेच मिळाले होते.

एका रात्री त्यांना झोप येईना. मी पाणी घेऊन गेले. अंधारातच त्या म्हणाल्या, "पानशेत फुटलं तेव्हा मी शाळेत होते. नारायण पेठेतल्या घरातून आम्ही पंधरा दिवस चिखल काढला. कपाटं गेली, धान्य गेलं. पण चिखलाचं बरं होतं गं. हा कोणी आणला, म्हणून कोणी एकमेकांकडे पाहत नव्हतं."

१२ जुलै १९६१ च्या त्या पुराविषयी मी पुष्कळ वाचले आहे. हे वाक्य मात्र कुठे वाचले नव्हते.

शेवटी सगळे घर झाले आणि जळका कोपरा तेवढा उरला. तिथे जायला कोणाचे मन होत नव्हते. रविवार होता. हे आणि रंगारी यांनी जळकी मांडणी ओढून बाहेर काढली. मी कणकेचा गोळा घेऊन भिंतीशी बसले आणि हात वर नेता नेता थांबले.

भिंतीवर एक आकृती होती. वर छताशी रुंद, खाली निमुळती होत गेलेली, भिंतीला टेकवून ठेवलेल्या नरसाळ्यासारखी. जाळ आणि तापलेली हवा वर जाताना पसरत जाते, म्हणून भिंतीवर असा ठसा उमटतो. नरसाळ्याचे टोक जिथे, तिथून आग निघाल्याचा संभव मोठा. मी नजर खाली नेली. टोक देव्हाऱ्यामागे नव्हते. देव्हारा चौरंगावर, जमिनीपासून हातभर उंच होता. त्याची टेबलाकडची बाजू कोळसा झाली होती आणि दुसऱ्या बाजूला पॉलिश अजून चकाकत होते. म्हणजे आग देव्हाऱ्यातून निघाली नव्हती, ती देव्हाऱ्याकडे आली होती. नरसाळ्याचे टोक माझ्या टेबलाखाली, फरशीला टेकले होते. तिथे एक वितळलेला पांढरा गोळा पडला होता. तो माझा एक्स्टेन्शन बोर्ड.

वायरमनला बोलावले. त्याने गोळा उलटासुलटा करून पाहिला. तांब्याच्या तारेच्या टोकांना मोहरीएवढे मणी झाले होते. "ताई, हे इथूनच पेटलंय. पिन ढिली असणार. यावर काय काय लावलं होतं?"

काय काय लावले होते? लॅपटॉप, प्रिंटर, टेबलाचा पंखा, आणि पावसात कपडे वाळेनात म्हणून सकाळ-संध्याकाळ इस्त्री. रस्त्यावरून घेतलेल्या एका स्वस्त बोर्डावर! आणि आधीचे आठ दिवस मला तिथे जळकट वास येत होता. मी दोनदा वाकून पाहिले होते आणि दोन्ही वेळा म्हटले होते, रविवारी बघू.

वायरमन गेला. रंगारी चहाला गेला. हे माझ्याकडे पाहत होते, काही बोलले नाहीत. माझ्या हातात कणकेचा गोळा होता आणि समोर भिंत. खरे सांगते, वाचकहो, एक क्षण असा आला की मला वाटले, टिपून टाकावे. चार हात फिरवले असते तर नरसाळे गेले असते. विम्याचा प्रश्न नव्हता, आम्ही घराचा विमा कधी काढलाच नव्हता. (ज्यांचा असेल त्यांनी एक पान न पुसता आधी सगळ्याचे फोटो काढावेत, हेही या निमित्ताने सांगून ठेवते.) कोणाचे काही बिघडले नसते. जिन्यावर ठरलेले कारण तसेच राहिले असते आणि सासूबाईंनी ते स्वीकारलेही होते. मी गोळा खाली ठेवला. फार मोठे धैर्य केले असे नाही. हे पाहत होते.

मी आत गेले. सासूबाई पलंगावर बसून खिडकीबाहेर पाहत होत्या.

"आई, आग दिव्यानं लागली नाही. माझ्या बोर्डानं लागली. तुमचं निरांजन ताम्हनात उभंच सापडलं होतं, ते आम्ही पाहूनही पाहिलं नाही. मला आठ दिवस वास येत होता. मी दुर्लक्ष केलं."

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दाखव."

मी त्यांना धरून कोपऱ्यापाशी नेले. त्यांनी चष्मा लावला, भिंत वरून खाली पाहिली, तो वितळलेला गोळा हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. मला वाटले, आता त्या रडतील किंवा मला जवळ घेतील. त्यांनी दोन्हीतले काही केले नाही.

"मला जिन्यावर विचारलं होतं ना," त्या म्हणाल्या. "तू जिन्यावरच सांग."

तेव्हा मी जिन्यावर गेले. खालपासून वरपर्यंत चार मजले, आठ दारे. प्रत्येक दारात उभी राहून सांगितले की, आमच्या घरची आग आजींच्या दिव्याने नव्हे, माझ्या हलगर्जीपणाने लागली. वर्गात शंभर मुलांसमोर तासभर बोलणाऱ्या मला तिसऱ्या दारापर्यंत घशाला कोरड पडली. "असू दे हो, होतं असं," सगळे म्हणाले. तीच ती समजूत. आता ती माझ्या वाट्याला आली आणि किती जड असते ते कळले. हा लेखही त्याच जिन्याची एक पायरी समजावा.

मग भिंत टिपली, धुतली, वाळू दिली. काजळीच्या भिंतीवर एकदम रंग देऊ नये. डाग आणि वास काही दिवसांत वर येतो. त्याआधी तो आत कोंडून टाकणारा प्रायमर लावावा लागतो. रंगाऱ्याने आणला तो लाखेचा होता. पांडवांना जाळायला कौरवांनी जे घर बांधले ते लाखेचेच! आग लावायलाही लाख आणि आगीच्या खुणा झाकायलाही लाख. मी मोठ्याने म्हटले, तर रंगारी म्हणाला, "ताई, यात स्पिरिट असतं. पेटता दिवा जवळ आणू नका." मागून सासूबाईंच्या हसण्याचा आवाज आला. श्रावणानंतरचा पहिला.

देव्हारा नवा आला. तो पडद्यापासून दूर आहे आणि निरांजनाखाली पसरट ताम्हन आहे. टेबलामागे भिंतीतच नवे जाड प्लग बसवले, मीटरपाशी आपोआप पडणारा खटका बसवला. वसुबारसेच्या चार दिवस आधी सासूबाईंनी मला बाजारात जाताना हाक मारली आणि म्हणाल्या, "कापूस आण. पिशवीभर."

यंदा आमच्या दारात कोकणातून आलेली रांगोळी आहे, भाताची फोलपटे जाळून केलेली. राखेचीच ती. राखरांगोळी हा शब्द आपण फक्त नाशासाठी वापरतो. मला त्यातला दुसरा अर्धा शब्द इतकी वर्षे ऐकू आला नव्हता.

सगळे पूर्वीसारखे झाले असे मात्र नाही. पावसाळी हवेत कपाट उघडले की अजून धुराचा वास येतो. आणि रोज रात्री दहाला, घरातले दिवे मालवले की, आतल्या खोलीतून खणखणीत आवाज येतो, "पिन काढलीस का गं?"

मी उठते, पाहते आणि सांगते, "काढली, आई."